गाव टपलंय एका काखेवर

लॉइड ब्रंकने फटका मारला तो चेंडूवर, आणि घसरला तो स्वतःच.

वाणसामानाच्या दुकानाबाहेर, गाड्या लावायच्या जागेत, सकाळपासून बर्फाचा पातळ थर धरला होता. कॉलेजच्या टीममधला जमारी व्हिटलो एका हातात दुधाचा मोठा कॅन आणि दुसऱ्या काखेत अमेरिकन फुटबॉलचा लांबट चेंडू दाबून चालला होता. लॉइड त्याच्यासाठी अर्धा तास ट्रकच्या आड दबा धरून बसलेला. एकाहत्तर वर्षांचा माणूस, डाव्या खुब्यात बसवलेला स्टीलचा सांधा, आणि हे धंदे. पोराने खांदा वळवून चेंडू सफाईने वाचवला. लॉइडचा हात हवेत फिरला आणि पाय पुढे गेले. डोकं बंपरवर आपटणार एवढ्यात दोन हातांनी त्याला वरच्यावर धरलं.

दुधाचा कॅन फुटला. चेंडू वेड्यावाकड्या उड्या घेत ट्रकखालून पलीकडे गेला.

"लागलं का, सर?"

"सोड मला. धड आहे मी."

पोराने त्याला नीट उभं केलं, त्याच्या कोटावरचं बर्फ झटकलं, टोपी उचलून हातात दिली. तेवढ्या वेळात लॉइडने ट्रकला वळसा घातला असता का? नसता. पोराने मनात आणलं असतं तर चार ढांगांत चेंडू उचलला असता. पण त्याचा हात म्हाताऱ्याच्या कोपराखाली होता, आणि म्हाताऱ्याचे पाय स्थिर होईपर्यंत तो तिथेच राहिला. मग लॉइडच लंगडत गेला आणि त्याने चेंडू उचलला.

"नियम म्हणजे नियम," लॉइड म्हणाला.

"हो, सर." पोरगा फुटलेला कॅन गोळा करायला वाकला. "शनिवारच्या मॅचला आई येतेय. लुइझियानाहून, बसने. चार वर्षांत पहिल्यांदाच जमतंय तिला."

त्याने हे गयावया करत सांगितलं नाही, नुसतं सांगितलं. मग कॅन कचऱ्यात टाकला आणि दूध न घेताच निघून गेला.

नियम कोच स्ट्रिकलंडचा. आमच्या कॉलेजच्या टीमने या मोसमात सव्वीस वेळा चेंडू हातचा सोडला. प्रतिस्पर्ध्याने हात लावायचीही गरज नाही, आमची पोरं आपणहून दान करतात. त्यावर या महाशयांनी काय तोडगा काढला? शनिवारच्या मॅचमध्ये ज्याच्या हातून चेंडू सुटेल, त्याने तो गुरुवारपर्यंत काखेत घेऊन हिंडायचं. वर्गात, जेवणघरात, चर्चमध्ये, सगळीकडे. कोणीही यावं आणि चापट मारून पाडून बघावं. पडला तर उचलणाऱ्याने तो चेंडू गुरुवारी कोचच्या रेडिओवरच्या कार्यक्रमात न्यायचा आणि भर कार्यक्रमात त्याच्या हातात द्यायचा. तो कोचच्या हातात पडला की पोरगा पुढच्या मॅचला बाहेर बाकावर, आणि आणणाऱ्याला कोचला एक प्रश्न विचारायची मुभा. थोडक्यात, पोरांना चेंडू धरायला शिकवायचं काम कोचचं, आणि ते करायचं गावाने. त्याला वर्षाला लाखो डॉलर मिळतात ते बहुधा कल्पना सुचल्याबद्दल.

लॉइडला ती मुभा हवी होती. चार वर्षं तो दर गुरुवारी त्या कार्यक्रमाला फोन लावत होता. फोन घेणारी पोरगी गोड आवाजात विचारायची, "काय विचारायचंय, सर?" तो सांगायचा. मग तासभर कानात संगीत. त्या तासात कोणीतरी कोचच्या कुत्र्याचं नाव विचारून जायचं, कोणी त्याच्या बायकोच्या वाढदिवसाला शुभेच्छा देऊन जायचं. लॉइडने धान्याच्या कोठारात चौतीस वर्षं वजनकाटा सांभाळला होता. ट्रक काट्यावर चढला की आकडा सांगायचा, एवढंच त्याला ठाऊक. त्याचा प्रश्नही तेवढाच सरळ होता: या चेंडू घेऊन धावणाऱ्या पोरांना शिकवायला कोचने आपला जावई ठेवलाय, जो परवापर्यंत बोटी विकत होता. तो त्यांना नक्की काय शिकवतो? हा प्रश्न त्याने एका कार्डावर लिहून खिशात ठेवला होता. कार्डाचे कोपरे झिजून गोल झाले होते.

गुरुवारी संध्याकाळी सहाला रस्टीज हॉटेलात, जिथून कोचचा कार्यक्रम थेट रेडिओवर जायचा, पाय ठेवायला जागा नव्हती. खिमा-राजम्याच्या तिखट चिलीचे वाडगे, दालचिनीचे रोल, बीअर. लॉइड आणि त्याचा जुना दोस्त डेल कुबिक भिंतीकडच्या टेबलावर बसले. चेंडू लॉइडच्या मांडीवर, कोटाखाली.

मंचावर कोच बोलत होता. गेली मॅच का हरलो? वारा फार होता. मैदान ओलं होतं. रेफरीबद्दल तो काही बोलणार नाही, असं तो तीनदा बोलला.

"नाचता येईना अंगण वाकडं," लॉइड पुटपुटला.

"हळू बोल. आज मिठाई तुझ्याच ताटात आहे," डेल म्हणाला. "जावयाचं विचार आणि त्याचा चेहरा बघ. मी फोटो काढतो."

कार्यक्रम चालवणारा बड लार्किन माइकमध्ये ओरडला, "मंडळी, व्हिटलोचा चेंडू आलाय म्हणतात. लॉइडराव, या, या वर."

टाळ्या. लॉइड मंचाशी गेला. फोन घेणाऱ्या पोरीने, म्हणजे त्या गोड आवाजाने, त्याच्यापुढे माइक धरला.

"कसा हिसकावलात, सांगा तरी," बड म्हणाला.

"हिसकावला नाही. मी बर्फावर पडत होतो. त्याने मला धरलं."

लोक हसले. कोचही हसला.

"म्हणजे चेंडूवरचे दोन्ही हात काढले," तो म्हणाला. "ऐकलंत ना, मंडळी? हेच मी चार वर्षं सांगतोय. लक्ष ढळलं की चेंडू गेला."

पुन्हा हशा, आधीपेक्षा मोठा. कोचने हात पुढे केला. "आणा इकडे. आणि विचारा तुमचा प्रश्न."

लॉइडने त्या हाताकडे पाहिलं. स्वच्छ, गुबगुबीत हात, बोटात जुन्या विजयाची भली थोरली अंगठी. खिशात कार्ड होतं. डेलने फोन वर धरला होता.

"तुमच्यासमोर कोणी पडत असता," लॉइड म्हणाला, "तर तुम्ही काय केलं असतं?"

"हाच प्रश्न?"

"हाच."

"छान प्रश्न आहे." कोचने बडकडे पाहिलं. "बघा, चेंडूची राखण हा आमचा पाया आहे. वर्षानुवर्षं आम्ही त्यावर मेहनत घेतोय, आणि मला वाटतं, पोरांमध्ये सुधारणा दिसतेय." हात अजून पुढेच होता. "आणा."

लॉइडला किळस आली. कोचची आली, आणि अर्धा तास ट्रकमागे दबून बसलेल्या त्या म्हाताऱ्याचीही आली.

"नाही देत," तो म्हणाला, आणि चेंडू काखेत घालून दाराकडे निघाला.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग बड माइकमध्ये ओरडला, "मंडळी, चेंडू बाहेर चाललाय. सोडू नका." गावाला तेवढंच हवं होतं. पहिल्याच टेबलावरून एक चापट आली. मग दुसरी. बायका, पोरं, औषधवाला, चर्चचे वडीलधारे, सगळे हसत हसत हात चालवू लागले. लॉइडने चेंडू पोटाशी घेतला, दोन्ही हात त्यावर घट्ट आवळले आणि मान खाली घातली. खुबा दुखत होता. कोणीतरी बीअर सांडली. एका हाताने त्याची बाही धरली, ती त्याने झटकली. त्या गुळगुळीत कातड्यावर पकड राहत नव्हती. गॅलरीत बसून हे इतकं कठीण कधी दिसलं नव्हतं.

पण दार आलं. हातभर अंतरावर.

ते आत ओढायचं दार होतं. लॉइडने एक हात मोकळा केला आणि मूठ धरली.

मागून हलकीच चापट बसली. चेंडू फरशीवर पडला, लंगडत गेला आणि डेल कुबिकच्या बुटाशी थांबला. डेलने तो उचलून डोक्यावर धरला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. पूर्ण हॉटेल उठून ओरडत होतं.

माइकवाली पोरगी धावत लॉइडजवळ आली होती. मंचावरून कोचचा आवाज आला, मजेत, सगळ्या जिल्ह्याला ऐकू जाईल असा.

"काय झालं, लॉइडराव?"

गलका थांबला. लोकांना उत्तर ऐकायचं होतं. लॉइडला धाप लागली होती. दार उलटं उघडतं, सांधा स्टीलचा आहे, डेल मागून आला, फरशीवर बीअर होती: सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं, आणि सगळं खरंही होतं.

"सुटला," तो म्हणाला. "माझ्या हातून सुटला. पोराच्या हातून नाही. त्याने सोडला होता, मला धरायला."

कोणी हसलं नाही. कोचने घड्याळाकडे पाहिलं, बडने जाहिरातीसाठी कागद उचलला. डेल चेंडू घेऊन मंचाकडे निघाला होता, तो टेबलांच्या मधोमध थांबला. कोचचा हात पुढे आलेला होता. डेलने चेंडू काखेत घेतला, आणि पुढे जावं की मागे, हे न कळून तो तिथेच उभा राहिला.