हेलिकॉप्टरची खांदशेकणी

दुपारचं जेवण झालं की इश्वरला पेंग यायची, आणि पेंग आली की समोरचं हेलिकॉप्टर रवंथ करू लागायचं. डोळे मिटायचं, शेपूट हलवायचं, एखादा बगळा येऊन त्याच्या पाठीवर बसायचा. मग रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवायचं आणि इश्वर दचकून जागा व्हायचा. काठी आपटून म्हणायचा, "कोण आहे बे तिकडे?" तिकडे कोणी नसायचं. हेलिकॉप्टर शहाण्या जनावरासारखं जागच्या जागी उभं असायचं, आणि चहूकडे धानाच्या बांध्यांमधलं पाणी आभाळ पोटात घेऊन गप पडलेलं असायचं.

पुराच्या दिवसांत हाताशी असावं म्हणून एका खाजगी कंपनीचं हे हेलिकॉप्टर अड्याळच्या बाहेर मोकळ्या मैदानात आणून ठेवलं होतं. त्याच्या राखणीला माणूस हवा होता आणि इश्वरला घरी बसवत नव्हतं. उन्हाळ्यात त्यानं चांद्या-भुऱ्याची बैलजोडी विकली होती. गुडघे कुरकुरायला लागले होते, मुलगा सचिन ट्रॅक्टरवर खूष होता, आणि सगळ्या गावाच्या मते निर्णय शहाणपणाचा होता. होताही. फक्त पहाट झाली की इश्वरचे पाय अजून गोठ्याकडे चालू लागायचे आणि अर्ध्या वाटेवर त्यांना आठवायचं. अशा माणसाला राखायला काहीतरी मोठं, मुकं आणि चार लोकांनी वळून पाहावं असं मिळालं, तर तो त्याच्या प्रेमात नाही पडणार तर काय करेल?

पहिल्या दिवशी कंपनीच्या माणसानं त्याला एकच गोष्ट बजावली होती. कोणालाही हात लावू द्यायचा नाही. इश्वरनं ती जिवाभावानं पाळली. पोरांना हाकललं, सरपंचाच्या मेहुण्यालासुद्धा हाकललं. पण राखणदार स्वतःला 'कोणी' समजत नसतो. शेताचा राखणदार शेतातली काकडी खातो तेव्हा ती चोरी थोडीच असते!

रोज सकाळी दीपमाला यायची. ती हेलिकॉप्टरची इंजिनियर. घर वरठीचं, वडील तिथल्या पोलाद कारखान्यात होते. तिनं 'ठीक आहे' म्हटल्याशिवाय ते उडवणारे कॅप्टनसाहेब पायरीवर पाय ठेवत नसत. ती छोट्या शिडीवर चढायची आणि शेपटीच्या टोकाला जो लहान पंखा असतो त्याच्याशी फार वेळ काढायची. पातं हातात धरून हलकेच मागेपुढे करायची. पात्याच्या मुळाशी काळं काहीतरी होतं, तिथं बॅटरीचा उजेड पाडून, छोटा आरसा धरून, वाकून वाकून बघायची. इश्वर शिडी धरून खाली उभा असायचा. बैलाचा खूर बघणारा जाणता माणूस असाच वाकतो, हे त्याला ओळखीचं होतं.

"मॅडम, एवढा मोठा पंखा वर आहे, आन तुमी या लहान्याच्याच मागं काहून लागता?" त्यानं एकदा विचारलं.

"काका, वरचा पंखा उचलते. पण तो इकडे फिरला की सारं अंग तिकडे फिराले पाहते. त्याले धरून ठेवते ही शेपटी. ही थकली, तं हेलिकॉप्टर भोवऱ्यावानी गरगर फिरन."

"म्हंजे जू हिच्याच खांद्यावर आहे म्हणा नं."

दीपमाला हसली. "हो, तसंच म्हणा."

तिनं तसंच म्हणा म्हटलं आणि इश्वरनं ते मनात जपून ठेवलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गावात संध्याकाळी खांदशेकणी सुरू झाली. धान रोवण्याच्या चिखलात राबून बैलांच्या खांद्यांना घट्टे पडलेले असतात. त्या दिवशी ते गरम पाण्यानं शेकायचे, पळसाच्या पानानं त्यांना हळद आणि तूप चोळायचं आणि त्यांच्या कानाशी लागून उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. इश्वरनं जन्मभर हे केलं होतं. सुलोचनाबाई, त्याची बायको, वाटीत तूप-हळद कालवून बसली होती. हात सवयीनं चालले होते, आणि मग तीच वाटीकडे बघत राहिली.

"आता हे कोणाले लावाचं?" ती म्हणाली.

"आण इकडे," इश्वर म्हणाला. "आहे एक."

मैदानावर पोहोचला तेव्हा ऊन पार खाली गेलं होतं आणि उजेड तुपासारखाच पातळ, पिवळा झाला होता. दूर कुठंतरी घुंगरं वाजत होती. इश्वर शिडीवर चढला. शेपटीचा पंखा त्याच्या छातीशी आला, थंड, ओलसर. त्यानं पात्यांच्या मुळाशी, त्या काळ्या भागावर, पळसाच्या पानानं तूप चोळलं. घाईघाईत नव्हे, चांद्याला चोळायचा तसं, बोटांनी घट्टा शोधत शोधत. क्षणभर त्याला खरंच वाटलं की खाली ऊब आहे, आणि कातडी थरथरली. मग त्यानं वाकून हळूच म्हटलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." उन्हाळ्यापासून छातीत जे काही अडकून बसलं होतं, ते त्या वेळी सुटलं. रात्री पाऊस कोसळला आणि त्याला त्या वर्षीची सगळ्यात गाढ झोप लागली. स्वप्नात हेलिकॉप्टर त्याच्या अंगणात येऊन पुरणपोळी खात होतं.

सकाळी खुशबूचा फोन आला. खुशबू त्याची मुलगी, लाखांदूरच्या पलीकडे नदीकाठच्या गावात दिलेली, दिवस भरत आलेले. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं आणि गावाला वेढा पडला होता. लोक शाळेच्या गच्चीवर चढले होते. बचावाची नाव येऊन एक फेरी घेऊन गेली होती, पण खुशबू तीत बसली नव्हती. लहानपणी ती बोडीत, गावाजवळच्या तळ्यात, बुडता बुडता वाचली होती, तेव्हापासून पाण्याचं नाव काढलं की हातपाय गार पडायचे.

"बाबा, हेलिकॉप्टर येऊन राहिलं म्हणते. तुमचंवालं!" ती म्हणाली. "मी त्यातच येतो. नावेत मी मरन पण बसणार नाही."

इश्वर मैदानावर पोहोचला तेव्हा निम्मं अड्याळ तिथं जमलं होतं. कॅप्टनसाहेब तयार होते. दीपमाला शिडीवरून खाली उतरत होती, हातात ओला कपडा. रात्रीचं पाणी पुसून तिनं सगळं बघितलं होतं, आणि अंगठा वर करून ठीक असल्याची खूण केली. हळद पावसानं धुऊन नेली होती.

आता खरं सांगायचं तर इश्वर तिच्याजवळ गेला तो बढाई मारायला. पोरगी आणायला निघालेल्या जनावराची सेवा आपण केली, हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला राहवेना.

"मॅडम," तो लाजत म्हणाला, "त्या शेपटीच्या खांद्याले तुमी कधी तेल-तूप देत नाही. असं काहून?"

"तिथं चालत नाही, काका," ती घाईत हातमोजे काढत म्हणाली. "ते काळं आहे नं, ते रबर अन् पोलादाचे थर आहेत, एकावर एक चिकटवलेले. तेल लागलं की रबर फुगते, नरम पडते, थर सुटतात. आमच्या नियमात तं बोटाचं तेल लागलं तरी पुसून पाहा म्हणते."

इश्वरनं आपल्या बोटांकडे बघितलं.

कॅप्टनसाहेब आत बसले. कोणीतरी पोरांना मागं सारलं. इश्वरला सगळं पाण्याखालून ऐकू आल्यासारखं लांब ऐकू यायला लागलं. एवढंसं तर तूप, त्यानं स्वतःला सांगितलं. बाईनं तपासलं आहे, तिनं ठीक म्हटलं आहे. तू बोललास तर हे थांबेल, आणि खुशबू त्या गच्चीवर तशीच राहील. नाही बोललास तर तासाभरात ती इथं उतरेल, तुझ्यासमोर. गप बस, इश्वर. जाऊ दे. त्याचं मन असं गोड बोलत होतं आणि त्याला ते गोड बोलणं कळतही होतं. जाईल ते रिकामं, पण येताना आत खुशबू असेल.

"थांबवा!" तो ओरडला. "मॅडम, थांबवा त्याले! म्या लावलं आहे तूप!"

दीपमालानं त्याच्याकडे बघितलं. तिनं कॅप्टनला दोन्ही हातांनी फुली करून दाखवली आणि पुन्हा शिडी लावली. या वेळी तिनं पांढरं फडकं घेतलं, पात्याच्या मुळाशी खोल घातलं आणि बाहेर काढून नाकाशी धरलं.

"तूप," ती म्हणाली. "मी पुसलं होतं. पावसाचं पाणी समजले."

कॅप्टनसाहेब खाली उतरून कडाडले, "चाचा, ये क्या कर दिया आपने?" जमलेल्या लोकांना आधी काही कळेना, मग कळलं, आणि मग कोणीतरी फिसकन हसलं. हेलिकॉप्टरची खांद शेकली! हसू मैदानभर पसरत गेलं. इश्वर मान खाली घालून उभा राहिला.

दीपमाला हसली नाही. आरसा धरून ती फार वेळ बघत राहिली, मग खाली आली. "रबराची कड फुगली आहे का मलेच तसं वाटून राहिलं, सांगता येत नाही," ती म्हणाली. "अन् सांगता येत नाही म्हणजे उडाचं नाही. नागपूरहून नवे भाग येतील, ते बसवू. आज उडत नाही."

"माही पोरगी आहे तिथं," इश्वर म्हणाला.

तिच्या चेहऱ्यावरचा राग जागच्या जागी थांबला. "तुमची पोरगी?"

"गच्चीवर. पोटुशी आहे. हेलिकॉप्टरचीच वाट पाहून राहिली."

दीपमालानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो तसाच राहू दिला. आणि इश्वरच्या खिशात फोन वाजायला लागला.

"बाबा, किती वेळ आहे? आमी सारे वर पाहून राहिलो."

खोटं बोलायला किती सोपं होतं! बिघडलं म्हणायचं. हवा खराब आहे म्हणायचं. कोणी विचारायला येणार नव्हतं.

"येत नाही बेटा," तो म्हणाला. "म्या थांबवलं."

"काहून?"

"काल खांद शेकली म्या त्याची. तूप लावलं. त्याले लावाचं नसते, मले मालूम नव्हतं. मालूम पडलं तं सांगून देलं मॅडमले. आता उडत नाही ते."

पलीकडून नुसता पाण्याचा आवाज येत राहिला, मोठा, सपाट, न संपणारा.

"मी इथं आहो, हे मालूम होतं नं तुमाले?" खुशबूनं विचारलं.

"तुह्यासाठीच तं निघालं होतं."

"आन तरी थांबवलं."

"हो."

पुन्हा पाणी. मग तिनं नाक ओढल्याचा आवाज आला. "मले वाटलं, आमाले विसरलेच सारे," ती म्हणाली. "तुमी थांबवलं असन, तं ते बसण्यासारखं नसनच." आणि जरा थांबून, "नाववाले परत आले आहेत, बाबा. हाका मारून राहिले."

"बस त्यात."

"भेव लागते."

"मलेबी लागून राहिलं. तरी बस."

"फोन ठेवू नका मग."

त्यानं फोन ठेवला नाही. डोळे मिटून तो मैदानाच्या मधोमध उभा राहिला. कानात पायऱ्या उतरणारी पावलं आली, कोणीतरी 'ताई, हात द्या' म्हटलं, फळ्या खटखटल्या, खुशबू एकदा किंचाळली आणि मग तिचा श्वास तेवढा ऐकू येत राहिला. इश्वरचा मोकळा हात आपसूक पुढं झाला होता, कुणाला तरी धरायला. मिटल्या डोळ्यांपुढं सगळा जिल्हा पाणीच पाणी झाला होता, शेतांचे धुरे नाहीत, रस्ते नाहीत, आणि त्या पांढऱ्या पाण्यावरून एक नाव कुठल्या घाईत नसल्यासारखी हळू हळू सरकत होती. ती कधी मोठी दिसे, कधी बोटाएवढी. तो श्वास मोजत नव्हता, पण एकही चुकू देत नव्हता. लोक हसायचे कधी थांबले ते त्याला कळलं नाही. दीपमालानं कोणाला तरी हातानं गप केलं, तेही त्यानं बघितलं नाही.

"बाबा," खुशबू म्हणाली, "टेकली. जमिनीले टेकली."

आणि इश्वर भर मैदानात, सगळ्या गावादेखत, चिखलात बसून मोठ्यानं रडला.