परत आलेलं पत्र

आमच्या शाळेत परीक्षेचे अर्ज सुटण्याआधी मी प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी टपालाने एक पत्र पाठवते. पोचलं तर पत्ता खरा. परत आलं तर पटावरच्या नावावर लाल रेघ आणि शेजारी शेरा, ‘पत्र परत, नाव कमी’. ही पद्धत मीच बसवली. या कार्यालयात चोवीस वर्षं काढली आहेत, माझं अक्षर छापल्यासारखं आहे आणि माझ्या पटात गिचमिड खपत नाही.

दहावीतल्या एका मुलीचं पत्र परत आलं तेव्हा मी लाल पेन उघडून तयारच होते. शिपाईमामा तिला ‘पाऊणतास’ म्हणायचे, कारण काही महिन्यांपासून ती रोज बरोबर तेवढीच उशिरा यायची. अर्ज दोन दिवसांनी बंद होणार होते. पटावर नाव नाही तर अर्ज नाही, आणि अर्ज नाही तर वर्ष फुकट. म्हणून रेघ मारण्याआधी तिच्या आईला बोलावलं. तेवढी माणुसकी माझ्यातही आहे.

आई लॉन्ड्रीत इस्त्री करणारी. बोटांवर चटक्यांचे डाग. ती खुर्चीच्या कडेवर टेकली, मुलगी मागे उभी राहिली.

"पत्ता खोटा दिलात," मी म्हणाले.

"खोटा नव्हता हो बाई. तेव्हा खोली होती. मग इमारतच पाडली. आता निवाऱ्यात झोपतो. तिथे चार रात्रींच्या वर ठेवत नाहीत. मग दुसरा निवारा, पार दुसऱ्या टोकाला. यातला कुठला लिहून देऊ, तुम्हीच सांगा."

म्हणजे पोरगी दोन बस बदलून येत होती. पण मी हटले नाही. "वाईट वाटतं हो. पण नियम तो नियम. माझ्या हातात काही नाही."

मागून मुलगी म्हणाली, "बाई, तो नियम बघायला मिळेल का?"

चोवीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. रागही आला आणि हुरूपही. "दाखवते ना, न दाखवायला काय झालं!" म्हणत मी परिपत्रकांची फाइल धपकन टेबलावर टाकली आणि पानं उलटायला लागले. हवं ते सापडेना. सापडलं ते भलतंच, नऊ वर्षांपूर्वीचं. राहायला घर नसलेल्या मुलांकडे पत्त्याचा पुरावा मागू नये. मुक्काम हलला तरी त्याच शाळेत ठेवावं. जाण्यायेण्याची सोय शाळेने करावी. खाली ‘वाचले’ आणि माझी सही. वाचलं कसलं? दोन भोकं पाडून फाइलला लावलं होतं.

फाइल मिटली असती तर कुणाला काही कळलं नसतं.

"सापडला का, बाई?"

"सापडला," मी म्हणाले. "पण माझ्या बाजूचा नाही, तुझ्या बाजूचा आहे."

कागद तिच्या हातात दिला. तिने तो सावकाश वाचला, मग आईला वाचून दाखवला. आईने तोंडावर हात धरला.

पत्त्याच्या रकान्यात मी शाळेचाच पत्ता लिहिला. अर्ज तिथेच बसवून भरून घेतला, मुख्याध्यापिकांकडून बसच्या पासावर सही आणली. आणि माझी पद्धत म्हणून पत्रही टाकलं. तिसऱ्या दिवशी पोस्टमनने ते माझ्याच टेबलावर आणून ठेवलं.

"काय बाई, आता स्वतःलाच पत्रं लिहायला लागलात?"

"पोचलं ना? मग झालं!"

वर्गात जाऊन मी ते तिच्या हातात दिलं. ती वेळेवर आली होती.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मात्र घरी जावंसं वाटेना. मागच्या नऊ वर्षांचे पट काढून बसले. लाल रेघा सात निघाल्या. सातही सरळ, पट्टी लावून मारलेल्या, शेजारी माझा शेरा. त्या मुलांना शोधायला एकेकाचा पत्ता पाहिला. प्रत्येक पत्त्यावरून माझं पत्र परत आलेलं होतं. माझं अक्षर छापल्यासारखं आहे, सगळे म्हणतात. त्या संध्याकाळी मला ते बघवेना.