इंचात जन्मलेला लेथ

मित्रांनो, मला पाहायला आलात तर माझ्या हातचाकावरच्या चकतीवर विश्वास ठेवू नका. तिच्यावर मिलिमीटर लिहिलेत, आणि त्या चकतीपायीच माझी रवानगी भंगारात व्हायची वेळ आली होती. मी एक जुना लेथ आहे, टेबलावर मावेल एवढा. माझ्या जबड्यात लोखंडाची कांब धरली की मी ती गरगर फिरवतो आणि शेजारून सरकणारं हत्यार तिला सोलत जातं. कांबेवर स्क्रूचे आटे पाडणं हे तर माझं खास काम.

ते हत्यार नेमकं किती सरकावं, हे ठरवतो माझ्या पोटासमोरचा लांब, आडवा लीड स्क्रू. त्याचे आटे जसे, तसे माझ्या हातून आटे पडतात. माझा जन्म झाला त्या कारखान्यात सगळी मोजमापं इंचात चालत. तिथे माझ्या लीड स्क्रूच्या दर इंचात आठ आटे कोरले, तेल चोपडलं आणि मला एका खेळणी बनवणाऱ्या कारागिराकडे धाडलं. त्याच्याकडचे दिवस मजेत गेले. खेळण्यातल्या गाड्यांची चाकं, भोवऱ्यांच्या आऱ्या, काय काय म्हणून केलं नाही मी! एकदा माझं हातचाक तुटलं, तेव्हा त्याने दुसऱ्या मशीनचं हातचाक चकतीसकट मला बसवलं. ती मिलिमीटरवाली चकती हीच. लीड स्क्रू इंचाचाच आहे हे त्याला ठाऊक होतं, पण तो गेला आणि त्याच्याबरोबर ती माहितीही गेली. पुढे कित्येक वर्षं मी ताडपत्रीखाली पडून होतो. एका मांजरीने माझ्या तबकात पिल्लं घातली, तेवढीच काय ती सोबत.

मग काका आले. बस चालवायची नोकरी संपली होती आणि हात शिवशिवत होते, म्हणून ते मला घरी घेऊन आले. रॉकेल आणि ब्रश घेऊन त्यांनी माझा गंज असा काढला की मला पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं. माझ्यासोबत गिअरचा, म्हणजे लीड स्क्रू किती वेगाने फिरावा हे बदलणाऱ्या दातेरी चाकांचा, डबाही होता. त्यात ताटलीएवढा एक मोठा गिअर होता. काकांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "हा दुसऱ्याच कुठल्या मशीनचा दिसतोय."

"मग मला द्या," काकू म्हणाल्या. त्या कपडे शिवतात. कापताना कापड सरकू नये म्हणून त्यांना वजन हवंच होतं. माझा गिअर शेजारच्या खोलीत कापडावर जाऊन बसला. उघड्या दारातून तो मला रोज दिसायचा आणि माझा जीव तीळतीळ तुटायचा, पण बोलणार कसा?

काकूंचं फिरतं स्टूल बिघडलं आणि माझी परीक्षा सुरू झाली. त्याचा उंची कमीजास्त करणारा स्क्रू झिजला होता. बसलं की स्टूल खाली खचायचं, आणि संध्याकाळपर्यंत काकूंची पाठ धरायची. काका छाती पुढे काढून म्हणाले, "बाजारात कशाला जायचं? घरात लेथ आहे."

त्यांनी जुना स्क्रू मोजला, तीन मिलिमीटरचा होता. मग माझ्या लीड स्क्रूच्या एका आट्यावर पट्टी धरली. "हाही तीनचाच. जरासा जास्त दिसतोय, पण वय झालंय, झिजला असेल." चकतीवर मिलिमीटर होतेच, त्यामुळे शंका घ्यायचं कारण उरलं नाही. मी मनापासून आटे पाडले, आरशासारखे लख्ख. काकांनी नवा स्क्रू स्टुलात फिरवला. दोन वेढे सुरेख गेले, तिसऱ्याला तो जो अडकला तो हलेना. दुसरा केला, त्याचीही तीच गत. एका आट्यात केसाएवढा फरक, पण तो प्रत्येक आट्यागणिक वाढत गेला होता.

खापर माझ्यावरच फुटलं. "याचे आटे वाकडे पडतात," काका हिरमुसून म्हणाले. "म्हातारा कामातून गेला." भंगारवाल्याला शनिवारचं बोलावणं गेलं. माझ्या जागी काकूंचं कापायचं टेबल येणार, असं ठरलं. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. मी वाकडा नव्हतो हो, मी फक्त इंचात होतो.

शनिवारी सकाळी काकू टेबलासाठी जागा मोजायला आल्या. टेप त्यांनी माझ्या अंगावरूनच ताणला, नेमका लीड स्क्रूवरून. आकडा वाचायला वाकल्या आणि तशाच थबकल्या.

"अहो, जरा इकडे या."

"काय झालं?"

"हे बघा ना. प्रत्येक इंचाची खूण बरोबर आट्याच्या टोकावर येतेय. एका इंचात आठ, पुढच्यातही आठ. माझी शिलाईसुद्धा इतकी सारखी पडत नाही."

"अगं, तो मिलिमीटरचा आहे. चकती वाच."

"चकतीचं राहू द्या. हा स्क्रू इंचात शिवलाय."

काकांनी टेप उलटा केला. सेंटीमीटरच्या बाजूने दहा आटे मोजले. तीन सेंटीमीटर भरायला हवे होते, भरले जवळजवळ सव्वातीन. पुन्हा टेप पालटला, पुन्हा मोजलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. "बिचाऱ्याचं काही चुकलंच नव्हतं," ते म्हणाले. मित्रांनो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं, पण लोखंडाला ते परवडत नाही.

काकांनी लगेच गिअरवाल्याला फोन लावला. फोन ठेवला तेव्हा चेहरा पुन्हा पडला होता. "इंचाच्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर एकशे सत्तावीस दात्यांचा गिअर लागतो. जुन्या मशीनबरोबर यायचा म्हणे, आता मिळणार नाही."

"केवढा असतो तो?"

"असेल ताटलीएवढा."

काकू शेजारच्या खोलीत गेल्या आणि कापडावरचं वजन उचलून घेऊन आल्या. एका दात्यावर खडूची खूण करून दोघं मोजायला बसले. काकांचे एकशे तीस भरले, काकूंचे एकशे सव्वीस. थोडी वादावादी झाली. मग दोघांनी एकत्र मोजले, तेव्हा एकशे सत्तावीस भरले.

त्या दुपारी मी जे आटे पाडले, तसे आयुष्यात पाडले नव्हते. माझा हरवलेला सोबती माझ्या कुशीत फिरत होता. काकांनी स्क्रू स्टुलात फिरवायला घेतला. दोन वेढे, तीन, चार, आणि तो थेट तळापर्यंत लोण्यातून जावा तसा गेला. काकू बसल्या, स्टूल खचलं नाही. मग त्यांनी पाय उचलून अशी गिरकी घेतली की काकांना मागे सरावं लागलं.

"पुरे, चक्कर येईल."

"येऊ दे," काकू हसत म्हणाल्या, आणि आणखी एक गिरकी घेतली.

तेवढ्यात भंगारवाला आला. चहा पिऊन रिकाम्या हातांनी गेला. अडकणारे दोन स्क्रूसुद्धा त्याला मिळाले नाहीत, कारण काकूंना वजन हवं होतं.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कुणी वाकडं वागतंय असं वाटलं, तर त्याला टाकून देण्याआधी टेप उलटा करून बघा. एका आट्यावर निकाल देऊ नका, जरा लांबवर मोजा. आणि आमच्या डब्यातली कुठलीही वस्तू बिनकामाची समजू नका.

आता माझ्या अंगावर काकूंनी शिवलेलं जाड कापडाचं आच्छादन असतं. त्याला मोठ्या गिअरसाठी वेगळा खिसा आहे. आणि पुढच्या बाजूला, कुणी पुन्हा विसरू नये म्हणून, लाल दोऱ्याने माझी ओळख भरली आहे: इंचाला आठ आटे.