चुरा झाला, गोष्ट सांग

मित्रांनो, वादळात सफरचंदाच्या झाडाची एक फांदी मोडली आणि तिच्यातून माझा जन्म झाला. मी अक्रोड फोडायची लाकडी हातोडी आहे, आणि आता बरीच जुनी झाले आहे. फ्रान्समधल्या दोर्दोन्य नदीकाठच्या आमच्या गावात लेओंस नावाच्या तरुणाने मला चाकूने तासून घडवले. त्याच फांदीतून त्याने माझी जुळी बहीणही घडवली आणि ती आपल्या नव्या नवरीच्या, मार्सलीनच्या हातात दिली. मी राहिले त्याच्याकडे.

शरद ऋतू आला की माळ्यावरचे वाळलेले अक्रोड खाली येत. दुपारी शेजारीपाजारी स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाभोवती बसत. अक्रोड उभा धरायचा, टोकावर हलकेच टक् करायचे आणि आतला गर अख्खा काढायचा. मार्सलीन गुणगुणत असे,

“हळूच मार गं, हलके मार,
आत निजलंय बाळ सुकुमार.”

या टेबलाचा एक नियम होता. ज्याच्या हातून गर चुरडेल, त्याने एक गोष्ट सांगायची. चुरा तेलघाणीवर जायचा आणि गोष्ट गावभर. शेजारचा आन्सेल्म इतका धसमुसळा, की त्याच्या गोष्टी पावसाळी पन्हळीसारख्या वाहत. मार्सलीनचा अक्रोड मात्र कधी चुरडला नाही, म्हणून तिची गोष्ट कुणी कधी ऐकली नाही. “आणि लेओंसची ही हातोडी म्हणजे सुईणच!” आन्सेल्म म्हणायचा. “बाळाला खरचटतसुद्धा नाही.” हे ऐकले की माझे लाकूडही अभिमानाने फुलून येई.

मग लेओंस गेला. मार्सलीनने आम्हा दोघी बहिणींना टेबलाच्या खणात ठेवले, मेणबत्त्यांचे तुकडे नि सुतळीच्या गुंडाळ्यांसोबत. अक्रोड आता पोत्यानेच व्यापाऱ्याकडे जाऊ लागले. अंधारात माझे लाकूड सुकले, दांड्याला बारीक चीर पडली.

एके दिवशी वरून तिच्या मुलीचा, कोरीनचा आवाज आला. “आई, एवढ्या घरात एकटी काय करतेस? चल माझ्याकडे शहरात.”

“मी इथंच बरी.”

“मग घरात माणसं तरी आण. परदेशी लोक येतात गं, गावातल्या घरी आठवडाभर राहून भाषा शिकायला. एक पाहुणी ठेवून बघ. जमलं तर राहा इथं. नाही जमलं तर घराला कुलूप. कबूल?”

मार्सलीनने कबूल केले आणि आठवड्याचा बेत आखायला बसली. सकाळी कोरीनच्या जुन्या शाळेच्या पुस्तकातून धडा. दुपारी किल्ला, चर्च. जेवण पुढच्या खोलीत, लग्नातल्या चिनी मातीच्या ताटल्यांत. स्वयंपाकघराचे दार बंद.

“अगं, ती बोलायला येतेय की ताटल्या बघायला?” आन्सेल्मने विचारले.

“तू गप रे! तुझ्याकडे तर कोंबड्यासुद्धा टेबलावर जेवतात.”

पाहुणी आली. पाइवी तिचे नाव, दूर फिनलंडमध्ये टपाल वाटायची. दोघी पुढच्या गार खोलीत दात काढून घ्यायला आल्यासारख्या बसत. मार्सलीन विचारी, पाइवी म्हणे, “होय, मादाम. छान, मादाम.” आणि पुन्हा चमच्यांचा आवाज. तिसऱ्या दिवशी मार्सलीन फोनवर म्हणाली, “कोरीन, पोरगी गुणी आहे. जेवते, हसते. बोलत मात्र नाही. तू खोकी आणून ठेव, बाई.”

खणात मी जीव मुठीत धरला. मला मूठच नाही, ही गोष्ट वेगळी.

तेवढ्यात आन्सेल्म मागच्या दाराने टोपली घेऊन आत आला. “मार्सलीन, आमच्या बाईसाहेबांचं मनगट मुरगळलंय. तेलघाणीवाला उद्या येतोय. जरा हात लाव.”

त्याच्या हातोडीची ठकठक ऐकून पाइवी बंद दार ढकलून आत आली. “मी... मदत?”

खण उघडला. मार्सलीनची बोटे माझ्यावर थांबली. मग तिने मला एप्रनला पुसले आणि म्हणाली, “ही माझ्या नवऱ्याची. घ्या.”

पाइवीने घाव घातला. कचकन भुगा!

“चुरा!” आन्सेल्म ओरडला. “चुरा झाला, गोष्ट सांगा!”

पाइवी लाल झाली. “माझ्या रस्त्यावर... मोठा प्राणी. शिंगं. घोडा?”

“रेनडियर!”

“हो! रेनडियर. बर्फात उभं. मी पत्र टाकते... ते पेटी खातं. नाही, नाही! चाटतं.”

“तरीच माझी पत्रं ओली येतात!” आन्सेल्म म्हणाला. पाइवी खदखदून हसली आणि दुसराही अक्रोड चुरडला.

“अगं बाई, तू अक्रोड फोडतेस की दगड?” मार्सलीन म्हणाली. सकाळपर्यंतचे ‘तुम्ही’ कधी गळून पडले, तिला कळलेही नाही.

त्यानंतर धडे बंद. उरलेला आठवडा स्वयंपाकघरात गेला.

शेवटच्या दुपारी कोरीन आली. गाडीत सामान भरायची रिकामी खोकी होती. टेबलावर पाइवीचा एकेक गर अख्खा निघत होता. “संपलं!” आन्सेल्म कुरकुरला. “हात सुधारला, आता हिची गोष्ट कुठली!”

पाइवीने मला उंच उचलले आणि मुद्दाम जोरात हाणले. “अरेरे, चुरा!” ती म्हणाली. “गोष्ट अशी. पुढच्या शरदात मी बहिणीला आणते. हे दार उघडं असेल?”

मार्सलीनने तिच्या हातून मला घेतले. एक अक्रोड उभा धरला आणि असा घाव घातला, की कवच चुलीपर्यंत उडाले.

“चुरा झाला,” ती म्हणाली. “आता मी सांगते. एका वादळात सफरचंदाची फांदी मोडली, आणि एक वेडा ती खांद्यावर घेऊन आमच्या दारात आला...”

कोरीनने ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. ऐकता ऐकता ती गाडीकडे गेली, खोकी आत आणली आणि त्यांत अक्रोड भरू लागली. “पुढच्या वर्षी दोन पाहुण्या म्हणजे हातोडी आणखी एक लागेल, आई,” एवढेच म्हणाली.

मित्रांनो, माझी चीर आता अक्रोडाच्या तेलाने भरून आली आहे. तुमच्या खणातही माझ्यासारखे कुणी असेल. पाहुणे येणार म्हणून त्याला लपवू नका. पुसा, तेल लावा आणि त्यांच्या हातात द्या. थोडा चुरा होईल. होऊ द्या.