वाळ्याच्या ताटीचा वास

"इथं उंदीर मेलाय का काय?" धुळ्याच्या लीलाधर वकिलांच्या बैठकीत एक पक्षकार दुसऱ्याच्या कानात कुजबुजला. नाकाला उपरण्याचं टोक लावून तो बरोबर माझ्याच शेजारी बसला होता.

मित्रांनो, उंदीर नव्हता मेला. तो वास माझा होता.

मी एक जुनी वाळ्याची ताटी आहे. माझी मुळं पांझरा नदीच्या काठची. हसीनाबीनं ती धुतली, बांबूच्या कामट्यांत घट्ट बसवली आणि सुतळीनं आवळली. तिचा नवरा गफूर भिस्ती. चामड्याच्या मशकेतून तो गल्लीत घरोघर पाणी घाली. चैत्र लागला की मला वकिलांच्या पश्चिमेच्या खिडकीत बांधायचं आणि गफूरनं दुपारभर माझ्यावर पाणी शिंपडायचं, असं ठरलं. बाहेरच्या झळा माझ्यातून आत शिरत आणि गार, सुवासिक होत. मला पोचवताना हसीनाबीनं एकच गोष्ट बजावली होती: रोज सकाळी हिला काढून उन्हात ठेवा, पुरती वाळू द्या, मग पुन्हा भिजवा.

चार उन्हाळे तसं झालं. पक्षकार दाव्याचं बोलण्याआधी माझं कौतुक करत. मीही जरा फुगलेच होते.

पाचव्या उन्हाळ्यात वकील कामासाठी जळगावला गेले. तिथं एका बड्या घरची ताटी त्यांनी दिवसभर ठिबकताना पाहिली आणि परत येऊन हुकूम सोडला, आपली ताटी क्षणभरही कोरडी दिसता कामा नये. सकाळचं ऊन बंद झालं. गफूरनं एकदा चाचरत आठवण करून दिली, तर पाणी घालायला ठेवलंय, सल्ला द्यायला नाही, एवढंच उत्तर मिळालं.

पंधरा दिवसांत माझी मुळं बुळबुळीत झाली. महिन्यात कुजली. मग बैठकीत ऊद जळू लागला, गाद्यांवर अत्तर आलं. वास काही हटेना. उलट अत्तरात मिसळून जास्तच चढला. खिडकीशी बसणाऱ्या प्रत्येकाला तो कुठून येतो ते कळत होतं. पण ताटी कुजली म्हणायचं, तर हुकूम चुकला म्हणावं लागणार. ज्याच्या हाती आपला दावा, त्याला हे कोण सांगणार?

कारकून झुलालनं सोपी वाट काढली. वास मशकेच्या चामड्याचा असावा, असं तो हळूच म्हणाला. साऱ्यांनी लगेच माना डोलावल्या. कोर्टात साक्षीपुराव्याशिवाय एक पाऊल न टाकणाऱ्या वकिलांनी इथं पुरावा मागितला नाही. गफूरचं येणं बंद केलं. ते ऐकून गल्लीतल्या आणखी तीन घरांनी त्याचं पाणी बंद केलं. चामड्याचं पाणी नको, म्हणाले. इतकी वर्षं तेच पाणी घेत होते.

मग झाडलोट करणारी भिकुबाई तांब्याच्या घागरीनं मला भिजवू लागली. घागर घासूनपुसून लख्ख, आणि वास दुप्पट. आता सगळे म्हणू लागले, चामड्याचा वास मुळांत भिनलाय.

मित्रांनो, मला बोलता येत नाही, नाहीतर मीच सांगितलं असतं. गारवा देणारीलाही रोज घटकाभर ऊन लागतं हो. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी ओली राबत असेल, तर तिला अधूनमधून वाळू द्या. आणि वास आला, तर आधी आपण काय केलं ते आठवा, मग दुसऱ्याकडे बोट दाखवा.

आठव्या दिवशी गफूर आला. खांद्याला मशक नव्हती, त्यामुळे तो एका बाजूला कलल्यासारखा दिसत होता. गफूरच्या पाण्यात खोट नाही, एवढं दोन ओळींत लिहून द्या, म्हणजे गल्लीतली घरं पुन्हा दार उघडतील, असं तो हात जोडून म्हणाला. हसीनाबी फाटकाबाहेर उभी होती.

वकिलांनी वर न बघता कागद उलटला. "वास जाऊ दे आधी. मग बघू."

झुलालनं दौतीत टाक बुडवला आणि तसाच धरून ठेवला. पक्षकार जमिनीकडे बघत राहिले. गफूर वळला.

भिकुबाईनं घागर खाली ठेवली. पदरानं हात पुसले. माझं खालचं एक मूळ तिनं चिमटीत धरून ओढलं. ते लगदा होऊन तिच्या बोटांत आलं. ते तिनं वकिलांच्या कागदांवर ठेवलं.

"आबा, मशक आठ दिनथून आठे नही," ती बैठकीभर हात फिरवत अहिराणीत म्हणाली. "वास ताटीना शे. आनि तिले तुमीनच सुकू दिन्ही नही."