खोड सांगायची राहिली

"बाई, लेकरू घिऊन पुढल्या शिटावर बसत जाऊ नका."

सहादेवनं हे मला एकदाच सांगितलं, तेही खालच्या आवाजात, गाडीची काच पुसता पुसता. नगरला कॅम्पाच्या बाजूला एका निवृत्त साहेबांचा बंगला होता. तिथं आम्ही त्यांची जुनी विलायती गाडी घ्यायला गेलो होतो. सहादेव हा त्यांचा वीस वर्षांचा ड्रायव्हर. हे, म्हणजे माझे यजमान काकासाहेब, आणि ते साहेब दोन पावलांवर बॉनेट उघडून उभे होते. माझ्या कडेवर दहा महिन्यांची कुंदा.

मला सहादेवचा रागच आला. पुढं पुरुषांनी बसावं, बाईनं मागं, असलंच काहीतरी याच्या डोक्यात असणार, असं मी धरून चालले. मी नगरच्या कॉलेजातून बी. ए. झालेली, असली शिकवण ड्रायव्हरकडून ऐकून घ्यायला मी काही तयार नव्हते. "का हो? पुढून सगळं दिसतं," असं म्हणून मी मुद्दाम पुढचंच दार उघडलं आणि बसले. सहादेवनं एकदा साहेबांकडे बघितलं, फडकं झटकलं आणि बाजूला झाला.

ही एकाहत्तर सालातली गोष्ट.

घोडेगावात आमचं इंजिन-पंपांचं दुकान. पंप खपवायला मळ्यामळ्यातून हिंडावं लागतं, आणि एवढ्या मोठ्या गाडीतून उतरलेल्या माणसाशी लोक घासाघीस करत नाहीत, असा यांचा हिशेब. गाडी दिसायला होतीच तशी. वरून दुधी, खालून तांबूस, लांबलचक. रस्त्याकडेचा पेपर वाचणारा माणूससुद्धा घडी घालून बघत राहायचा. गावानं तिचं नाव आगबोट ठेवलं. पहिले दोन महिने मीही पुढं बसून मिरवले, खोटं कशाला सांगू?

मग ती आजारी पडायला लागली. आधी पाण्याची टाकी गळली. मग क्लच गेला. मग एक दार असं रुसलं की मागच्या माणसाला पुढच्या दारातून उतरावं लागे. इकडे तिचा एक भाग मिळेल तर शपथ. मुंबईच्या जुन्या बाजारातून कुणाच्या तरी हाती मागवायचा, तो आला की दोन सूत मोठा निघायचा, मग नगरला छगन मिस्त्रीकडे तो घासून बसवायचा. छगनच्या गॅरेजात आम्ही शिरलो की तो गाडीला पान्यानं सलाम ठोकायचा, "आल्या का मेमसाहेब माहेराला? औंदा मुक्काम किती दिवस?"

"छगनराव, हसू नका हो," मी म्हणायचे.

"वैनी, मी न्हाई हसलो तर तुमी रडताल. काकासाहेब, सांगू का? हिच्यापरीस दुसरी बायको केली असती तर स्वस्तात पडली असती. ती निदान घरी चालत तरी आली असती."

हेही हसायचे. त्या वर्षी मला नगरला राहून बी. एड. करायचं होतं. त्याचे पैसे गिअरबॉक्सात गेले. पुढच्या वर्षी बघू, हे म्हणाले. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, मग कोण पंप घेतो? विहिरींनाच पाणी नव्हतं.

दुष्काळाच्या त्याच उन्हाळ्यात, त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये, आम्ही नगरहून परत येत होतो. मी पुढंच होते, कुंदा मांडीवर. इमामपूरचा घाट अर्धा उतरलो आणि यांनी ब्रेकवर पाय ठेवला तो पायडल सरळ फळीला टेकलं. गाडीला काही पत्ताच नाही. यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. हातब्रेकचा दोर तर कधीच तुटलेला. मी यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं. त्या तोंडावर काही म्हणजे काहीच नव्हतं.

रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत बसल्या होत्या. हे ओरडत होते, हॉर्न दाबत होते. बाया घमेली टाकून पळाल्या आणि यांनी गाडी खडीच्या ढिगात घातली. कुंदा माझ्या हातातून सुटली आणि समोरच्या लोखंडी पट्टीवर आपटली.

एका बाईनं, चांगुणाबाई तिचं नाव, दार ओढून कुंदाला बाहेर काढलं, आपल्या पदरानं तिचं कपाळ दाबून धरलं. हात खडीच्या धुळीनं पांढरे. कुंदा रडायला लागल्यावर मगच तिनं यांच्याकडे मान वळवली.

"एवढी मोठी गाडी, दादा. आन् तिला थांबाया येत न्हाई व्हय?"

कुंदाच्या कपाळावर पाच टाके पडले. डाव्या भुवईच्या वर खूण अजून आहे.

छगननं गाडी खोलली तेव्हा मी तिथं स्टुलावर बसून होते. आता मी सगळं बघायचंच ठरवलं होतं. त्यानं ब्रेकमधली रबरं काढून माझ्या तळहातावर ठेवली. उन्हात वाळलेल्या आमसुलासारखी दिसत होती. असली रबरं इथं मिळत नाहीत, म्हणाला. ट्रकची आणून कापून बसवली.

"आता धरंल. पर वैनी, ऐका. थंड हाय तवर धरंल. घाटात तापली की ढिली पडत्याल. आठ दिसाला ब्रेकचं तेल बघायचं, कमी झालं की घालायचं. आन् उताराला लागायच्या आधी पायडल तीनदा मारून ठेवायचं. हे इसरायचं न्हाई."

मी विचारलं, "साहेबांच्या वेळी पण असंच होतं का?"

"सहादेवला इचारा की. तीन वर्सं त्यो हेच करीत हुता, परवा भेटला तवा बोलला."

तेव्हा मला ते फडकं झटकणं आठवलं. त्याच्या मालकाची गाडी विकली जात होती, मालक दोन पावलांवर उभा. त्याला जेवढं सांगता आलं तेवढं त्यानं सांगितलं होतं.

त्यानंतरचं एक वर्ष मी कुंदाला घेऊन मागं बसले आणि यांच्या उजव्या पायाकडे बघत राहिले. एक, दोन, तीन. हे चिडायचे, "अगं, मी चालवतोय का तू?" दर आठ दिवसांनी मी आठवण करायचे, तेल बघितलं का? घरी मात्र यांनी सांगितलं होतं की गाडी आता ठणठणीत आहे. मामंजींनाही तेच.

मामंजींबद्दल सांगायला हवं. रंगनाथआबा म्हणून घोडेगावच्या बाजारात त्यांना सगळे ओळखतात, कारण ते जनावर विकताना आधी त्याची खोड सांगायचे. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवण्याच्या आधीच. "ह्यो डाव्या पायानं लाथ मारतो. आन् दावं कुरतडतो. आता बोला." लोक चेष्टा करायचे, "आबा, तुमी इकाया आलाय का परत न्यायाला?" पण बैल आबांचा आहे म्हटल्यावर लोक दात बघायचे नाहीत.

पेट्रोल एकदम महागलं आणि आगबोट दारात उभी राहिली. चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत जामखेडच्या बाजूचा जालिंदर नावाचा एक जण ती बघायला आला. तिशीच्या आतला, हसतमुख. ऊसतोडीच्या मुकादमीत चार पैसे गाठीला बांधलेले. लग्नसराईत नवरदेवाला मिरवायला गाडी भाड्यानं द्यायची, असा त्याचा बेत. आदल्या दिवशीच यांनी ब्रेकचं तेल काठोकाठ भरून ठेवलं होतं. मी बघितलं होतं. यांनी त्याला सपाट रस्त्यानं पांढरीच्या पुलापर्यंत नेऊन आणलं. जालिंदर खाली उतरला तो बॉनेटवरून असा हात फिरवत की जणू घोडीच घेतली.

मामंजी ओट्यावर बसले होते. म्हणाले, "काकासाहेब, खोड सांगितली का पाव्हण्याला?"

हे हसले. "आबा, गाडी हाय. बैल न्हाई."

जालिंदरही हसला. "आबा, लोखंडाला कसली खोड वो? बिघडलं तर बदलायचं."

मामंजी हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सूनबाई, तू त्या मिस्त्रीपाशी बसून हुतीस. नीट केलीय ना त्यानं?"

माझ्या मांडीवर कुंदा होती. मी तिचे केस मागं सारत होते, तेव्हा ती खूण माझ्या बोटाला लागली. ही गाडी या दारातून जावी, एवढंच मला हवं होतं. वर्षभर मी दुसरं काही मागितलं नव्हतं.

"चहा ठेवते," मी म्हणाले आणि आत गेले.

गाडी न्यायला जालिंदर दोन दिवसांनी आला तो बायकोला घेऊन. विमल तिचं नाव. तिच्या खांद्यावर पाच-सहा महिन्यांचा मुलगा झोपलेला, काजळाचा टिक्का लावलेला. तिनं गाडीला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि पुढचं दार उघडलं.

मी पायरी उतरून गेले. हे शेजारीच होते, जालिंदरला किल्ली देत. मी म्हणाले, "मागं बसा ना. बाळाला घेऊन मागं ऐसपैस बसता येईल."

"न्हाई वो ताई. पुढून समदं दिसतंय."

आणि ती छान हसली. मी तिथंच उभी राहिले. गाडी वळली, कुंदानं मागच्या काचेला चिकटवलेलं कागदाचं लाल फूल दिसेनासं होईपर्यंत मी हात हलवत होते.

त्यानंतर दिवस मोजायची मला सवयच लागली. आज तिसरा. आज सहावा. आता तेल अर्ध्यावर आलं असेल. मी यांना म्हटलं, एक पत्र तरी टाका. हे म्हणाले, "त्याचा मिस्त्री बघंल की. आणि आता सांगितलं तर तो पैसे परत मागंल, ते कुठून आणू? तुझ्या पत्रानं पैसे येणार का?" मग मीच जामखेडला कार्ड टाकलं. पुढं आणखी एक. आडनाव, पत्ता मला माहीत नव्हता. जालिंदर, गाडीवाले, एवढंच लिहिलं.

नवव्या दिवशी सकाळी मामंजी गोठ्यात होते. मी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. थंड असताना धरते, तापली की सोडते, तेल, तीन वेळा पायडल, सगळं. ते वैरण टाकायचे थांबले. त्यांनी हात धुतले, फेटा बांधला आणि एस. टी. च्या थांब्यावर जाऊन उभे राहिले.

दोन दिवसांनी परत आले. विचारत विचारत जालिंदरचं घर गाठलं, तर कुलूप. शेजारची म्हणाली, गाडी घेऊन नवरा-बायको पाटोद्याकडं गेलेत, विमलच्या माहेरी. तिकडं लग्नं लई हायत, लग्नसराई संपली की येतील. पाटोद्याहून जामखेडला यायचं म्हणजे सौताड्याचा घाट उतरून यायचं. मामंजींनी शेजारणीला सांगितलं, स्टँडवरच्या हॉटेलवाल्याला सांगितलं, पेट्रोल पंपावर सांगितलं. पाटोद्याला गेले तर माहेरचं आडनाव कुणाला सांगता येईना. एका वस्तीवर एक म्हातारी म्हणाली, लांब गाडी परवा गेली, वरातीला.

आठ दिवसांनी एकदा हे ताटावरून म्हणाले, "बापानंच माझी अब्रू बाजारात नेली."

मामंजी शांतपणे म्हणाले, "त्या बैलाची खोड मला ठाव असती तर मीच बोललो असतो." आणि ताट तसंच ठेवून उठले. त्या दिवसानंतर ते बाजाराला गेलेले नाहीत. मला मात्र अजून सूनबाई म्हणतात. ते ऐकताना मला मान वर करता येत नाही.

माझी कार्डं परत आली नाहीत, उत्तरही आलं नाही. एस. टी. तून कुणी बीडकडचं आलं की मी विचारते. वर्तमानपत्रातल्या अपघाताच्या बातम्या मी आधी वाचते, गाडीचं वर्णन नसलं की मग चहा घेते. यांना वाटतं, माझं डोकं फिरलंय. फिरलं असेल.

म्हणून हे छापायला लिहून पाठवते आहे. आपल्यापैकी कुणी जामखेड, पाटोदा, सौताडा या बाजूचे असाल, किंवा लग्नाला तिकडं जाणार असाल, तर वरून दुधी, खालून तांबूस अशी लांब गाडी दिसते का बघा. पुढचा डावा दिवा उजव्यापेक्षा पिवळा आहे. मागच्या काचेवर लाल कागदाचं फूल, उन्हानं आता गुलाबी झालं असेल. जालिंदरला सांगा, आठ दिवसांनी तेल, उताराआधी तीन वेळा पायडल. पैशाचं बोलला तर घोडेगावला या म्हणावं, रंगनाथआबांना विचारा. आणि तो भेटला नाही तरी विमलला शोधा. ती पुढं बसते. तिच्या मांडीवरच्या मुलाचं कपाळ तेवढं नीट बघा, आणि मला एक कार्ड टाकून कळवा.