पट्टीऐवजी हात

आयसीयूत अण्णांचे दोन्ही हात मऊ पट्टीने पलंगाला बांधलेले होते. घशात श्वासाची नळी, नाकात अन्नाची. घाबरले की हाताला लागेल ती नळी ओढायचे. झोपेचं औषध आणखी वाढवायला डॉक्टर तयार नव्हते.

"आपण एका हाताची पट्टी सोडून बघू," सिस्टर मुलाला म्हणाल्या. "पण मग हात तुम्ही धरायचा आणि बोलत राहायचं. घरच्या आवाजानं माणूस निवतो. जमलं, तर पुन्हा बांधणारच नाही."

"बोलायचंच ना? सिस्टर, तो तर माझा धंदाच आहे!"

खोटं नव्हतं ते. मुलगा सूत्रसंचालक. लग्न, सत्कार, शोकसभा, काहीही चाले. आपण किती थोर होतो हे कित्येक मृतांना त्याच्याकडूनच कळलं असतं.

सिस्टरनी पट्टी सोडली. त्याने अण्णांचा हात हातात घेतला, घसा खाकरला. "अण्णा, आज या ठिकाणी..."

"दादा, घरी बोलता तसं बोला हो."

तिथंच घोडं अडलं. घरी ते काय बोलत? "जेवलात?" "हो." "येतो मी." "हं." बापलेकांचं सारं एवढ्यात आटपे, आणि त्यातलं "जेवलात?" सध्या विचारण्यासारखं नव्हतं. मुलाने हवापाणी सांगितलं, रस्त्यावरची खोदाई सांगितली, आणि त्याचा माल संपला.

पण अण्णांची बोटं त्याच्या मुठीत सैल पडली होती. पडद्यावरचा ठोक्यांचा आकडा उतरत होता. म्हणजे नुसता हातही पुरत होता.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. "एकच मिनिट हं, अण्णा." हात सोडून त्याने पाठ फिरवली. "अहो, तुमच्या कार्यक्रमाला नाही कसं म्हणेन! तुमचं-आमचं नातं काय..." आता कसे भराभर सुचत होते शब्द.

मागे यंत्र किंचाळलं. नाकातली नळी अण्णांच्या मुठीत, चादरीवर पातळ अन्न, डोळे भीतीने विस्फारलेले.

सिस्टर धावत आल्या. "हात धरला होतात ना?"

"धरला होता की! हिसडाच असा मारला, आवरेनात." एकदाही न अडखळता, खणखणीत.

सिस्टर पलंगावर वाकल्या. "बाबा, मुलानं हात धरला होता? हो असेल तर डोळे मिटा."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सावकाश डोळे मिटले.

"मग नाइलाज आहे," सिस्टर हळहळल्या. "मुलगा धरून बसला तरी शांत राहत नाहीत, म्हणजे बांधायलाच हवं."

मुलाने तोंड उघडलं. एक वाक्य पुरलं असतं.

"दादा, जरा मनगट धरा. गाठ मारते."

त्याने धरलं. दोन्ही हातांनी, चांगलं घट्ट. अण्णा हलतही नव्हते.